मोज्यातली काळी सुरी

किल्ट घातलेल्या स्कॉटिश माणसाच्या उजव्या पायाकडे पाहिले, तर गुडघ्याखाली दुमडलेल्या लोकरी मोज्याच्या काठातून दोन बोटे उंचीची एक काळी मूठ डोकावताना दिसते. ही ‘स्कीअन डू’. गेलिक भाषेत ‘स्कीअन’ म्हणजे सुरी आणि ‘डू’ म्हणजे काळी. काळी का, याची दोन उत्तरे देतात. एक सरळ आहे: मूठ काळ्या लाकडाची असते म्हणून. दुसरे असे, की ‘डू’ या शब्दाला दडवलेले, गुपित असाही अर्थ आहे आणि ही सुरी एके काळी अंगावर लपवून बाळगत. पाते जेमतेम 7 ते 9 सेंटिमीटरचे, म्हणजे भाजीच्या सुरीएवढे. डावखुरा माणूस ती डाव्या मोज्यात खोचतो.

तिचा थोरला भाऊ म्हणजे डर्क. हा कमरेच्या पट्ट्याला लटकतो. पाते सुमारे 30 सेंटिमीटर लांब, एकाच अंगाला धार असलेले आणि टोकाकडे निमुळते होत गेलेले. लग्न, पलटणीचे संचलन, बॅगपाइपवाल्यांचे पथक किंवा 25 जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्स याच्या जन्मदिनाची मेजवानी, अशा प्रसंगी ही दोन्ही हत्यारे बाहेर निघतात. बर्न्सच्या मेजवानीत तर सुरीला कामही असते. ताटात वाजतगाजत आणलेला हॅगिस, म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचे ओटमील घालून शिजवलेले मोठे सारण, बर्न्सची त्यावरची कविता म्हणता म्हणता भर पंगतीत कापला जातो. वर्षभरात या सुरीने कापलेली तेवढीच एक वस्तू, असेही अनेक घरांत असते.

दोघांत वयाने डर्क मोठा. त्याचे मूळ मध्ययुगीन युरोपातल्या एका खंजिरात आहे. त्या खंजिराच्या मुठीच्या बुडाशी, पाते सुरू होते तिथे, दोन गोलसर उंचवटे असत. हे उंचवटे पुढे बसके होत गेले, मुठीचा माथा सपाट चकतीसारखा झाला, आणि सतराव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, म्हणजे हायलँड्समध्ये, डर्क आपल्या ओळखीच्या रूपात आला. चांगले पोलाद दुर्मीळ असल्यामुळे मोडक्या तलवारीचे पाते कापून त्याचा डर्क करण्याची रीत होती. जुन्या डर्कांच्या पात्यांवर तलवारीच्या खाचा अजून दिसतात. पुढे त्याच्या म्यानाला बाहेरून दोन छोटे कप्पे आले. एकात लहान सुरी, दुसऱ्यात काटा. लढाई, शिकार आणि जेवण एकाच म्यानात आले. डर्कच्या लोखंडावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडता येत नाही, असे हायलँडर मानत.

स्कीअन डूची वंशावळ इतकी स्वच्छ नाही. काखेजवळ, कोटाच्या बाहीत लपवण्याची एक सुरी पूर्वी होती. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर मोठी हत्यारे दाराशी ठेवायची आणि ही लपवलेली सुरी यजमानाला दिसेल अशी मोज्यात खोचायची, असा शिष्टाचार होता आणि त्यातूनच स्कीअन डू जन्मली, ही गोष्ट प्रत्येक किल्ट विकणारा सांगतो. गोष्ट गोड आहे, पण तिच्या मागे पुरावा फारसा नाही. हरणाची शिकार सोलण्याच्या छोट्या सुरीशीही काहीजण तिचे नाते जोडतात. खात्रीने दाखवता येते ते चित्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. चित्रकार हेन्री रेबर्न याने 1812 च्या सुमारास ग्लेनगॅरीच्या मॅकडोनेल सरदाराचे पूर्णाकृती चित्र काढले, त्यात मोज्यातली मूठ दिसते. तेव्हा ‘प्राचीन हायलँड परंपरा’ म्हणून जी सुरी आज विकली जाते, तिचा मोज्यातला मुक्काम जेमतेम दोनशे वर्षांचा आहे.

मधल्या काळात एक मोठी उलथापालथ झाली होती. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्या, बंडखोरांचा पराभव झाला. त्यानंतर सरकारने हायलँडरांची हत्यारे काढून घेतली आणि त्यांच्या पोशाखावरही बंदी घातली. ही पोशाखबंदी 1782 मध्ये उठली. मधल्या पस्तीस वर्षांत किल्ट आणि डर्क उघडपणे टिकले ते फक्त ब्रिटिश सैन्याच्या हायलँड पलटणींत, कारण राजाच्या शिपायांना बंदी लागू नव्हती. या पलटणींचा महाराष्ट्राशीही संबंध आला: 23 सप्टेंबर 1803 रोजी जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर 74 वी आणि 78 वी हायलँड पलटण उभी होती.

बंदी उठली तेव्हा डर्क वापरण्याची रोजची गरज संपलेली होती. 1822 च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबऱ्याला आला. त्या सोहळ्याची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली आणि शहरातल्या बड्या मंडळींना हायलँड पोशाखात मिरवले. पुढे व्हिक्टोरिया राणीने बालमोरलला घर केल्यावर या हौसेला राजमान्यताच मिळाली. डर्क लोहाराच्या भात्यावरून सराफाच्या पेढीवर गेला. मुठीच्या माथ्यावर केर्नगॉर्म डोंगरांतल्या धुरकट तपकिरी स्फटिकाचे खडे बसले, मूठ काटेरी थिसलच्या बोंडासारखी फुगली, चांदी वाढली आणि पाते जवळजवळ विसरले गेले. आजचे चांगले कारागीर या व्हिक्टोरियन झगमगाटापेक्षा आधीच्या, साध्या घडणीच्या डर्ककडे वळतात. संग्रहालयांतले सतराव्या-अठराव्या शतकांतले नमुने मोजून, त्यांच्या मापांवरून काम करतात. आणि साध्या घडणीत सगळी मदार येते ती लाकडावर.

मुठीसाठी सर्वांत मान मिळतो तो दलदलीतल्या ओकला. हजारो वर्षांपूर्वी उन्मळून पडलेला ओक चिखलात रुतला, त्यावर पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळ-गवताचे थर साचत गेले. पीटच्या आत हवा पोहोचत नाही आणि पाणी आम्ल असते, त्यामुळे लाकूड कुजवणारी बुरशी तिथे जगत नाही. लाकूड टिकते, पण तसेच राहत नाही. ओकमध्ये टॅनिन भरपूर असते. भोवतालच्या पाण्यातले लोह हळूहळू आत झिरपते आणि टॅनिनशी त्याचा संयोग होऊन लाकूड आधी तपकिरी, मग राखाडी, शेवटी कोळशासारखे काळे होते. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो किंवा हिरडा आणि हिराकस एकत्र उकळून काळी शाई करतात, तीच ही क्रिया. फक्त इथे तिला तीन ते पाच हजार वर्षे आणि कधी त्याहूनही जास्त काळ लागलेला असतो. ज्या पोशाखात ही मूठ मिरवते, तो तिच्यापुढे कालचा.

असा ओक कोणी शोधायला जात नाही, तो सापडतो. शेताला चर खणताना, जळणासाठी पीट कापताना, रस्त्याच्या पायात. हायलँड्सच्या उंच पीटमध्ये ओकपेक्षा पाइनची खोडे जास्त निघतात. चार हजार वर्षांपूर्वी हवामान ओले झाले तेव्हा तिथली पाइनची राने मोठ्या प्रमाणात मागे हटली, त्यांची ही खोडे. पाइनमध्ये टॅनिन कमी, म्हणून ते काळे होत नाही, मधाळ तपकिरी राहते. राळेने इतके भरलेले असते की पूर्वी त्याच्या ढलप्या मेणबत्तीसारख्या जाळत. मुठीला त्याचा वास येतो आणि हात चिकटतो, म्हणून जाणकार ते क्वचितच घेतात.

दलदलीतून ओक बाहेर काढला की खरी परीक्षा सुरू होते. लाकूड पाण्याने तुडुंब भरलेले असते. उन्हात टाकले तर काही दिवसांत ते टोकाकडून उलते आणि महिन्याभरात त्याच्या सरपणाच्या काटक्या होतात. कारण असे, की लाकूड सुकताना सगळीकडून सारखे आकसत नाही. वर्षवलयांच्या दिशेने ते केंद्राच्या दिशेपेक्षा सुमारे दुपटीने आकसते, आणि दलदलीतल्या ओकमध्ये हे आकसणे ताज्या ओकपेक्षाही जास्त असते. म्हणून खोड ओले असतानाच त्याच्या फळ्या पाडतात, टोकांना मेण फासतात, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचतात आणि विसरून जातात. ताज्या लाकडाला इंचाला एक वर्ष हा सुतारांचा जुना हिशेब; या लाकडाला तो पुरत नाही. फळी दर महिन्याला वजनकाट्यावर ठेवायची आणि वजन घटायचे थांबले की ती सुकली असे समजायचे, हा सगळ्यात भरवशाचा उपाय. सुकलेल्या फळीतली निम्मी फटींमुळे वाया जाते. उरलेल्यातून बोटभर जाडीचे, वीतभर लांबीचे निर्दोष तुकडे निघतात. ‘दुर्मीळ लाकूड’ या शब्दांत किंमत आहे ती या गळतीची.

दुर्मीळ म्हटले की कोणीतरी शेवटचे झाड तोडत असेल अशी शंका येते. तसे नाही. स्कॉटलंडच्या भूभागापैकी मूळच्या झाडांची राने आज सुमारे 4 टक्केच उरली आहेत, आणि आरन बेटावरच्या दोन-तीन जातींच्या व्हाइटबीमसारखी खरी दुर्मीळ झाडे कायद्याने राखलेली आहेत. तिथे कुऱ्हाड चालत नाही. मुठीचे लाकूड येते ते मेलेल्या, पडलेल्या किंवा रोगाने तोडाव्या लागलेल्या झाडांतून. विच एल्म हे त्याचे बोलके उदाहरण. 1970 च्या दशकात साल पोखरणाऱ्या भुंग्यांबरोबर पसरलेल्या बुरशीने ब्रिटनमधले एल्म लाखोंनी मारले. बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते आणि झाड उभ्या-उभ्या वाळते. एल्मचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की लाकूड चिरता चिरत नाही. म्हणून गाडीच्या चाकाचा तुंबा याच लाकडाचा करत. मुठीसाठी हा गुण सोन्यासारखा. त्यातही खोडावर गाठीसारखी वाढ झालेली असेल, तर आत डोळ्या-डोळ्यांची नक्षी निघते आणि मधूनच हिरवट रेघ जाते. असा तुकडा हाती आला की कारागीर त्यावर कोरीवकाम करत नाही. करूही नये.

यू हे झाड स्कॉटलंडमध्ये देवळा-स्मशानांजवळ वाढते. पर्थशरमधल्या फॉर्टिंगल गावच्या चर्चच्या आवारातला यू निदान दोन हजार वर्षांचा मानतात. गाभा नारिंगी-तांबूस, बाहेरचा थर सायीच्या रंगाचा. दोन्ही थर एकाच मुठीत आले की सुरी रंगवल्यासारखी दिसते. पण झाडाचे जवळजवळ सगळे भाग विषारी आहेत आणि लाकडाचा भुसाही घातक, म्हणून तोंडाला मास्क बांधल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. हॉलीचे लाकूड हस्तिदंतासारखे पांढरे असते. रोवन दाराशी लावला की चेटूक आत येत नाही अशी समजूत होती, आणि तो तोडणे अशुभ मानत. त्यामुळे रोवनची मूठ बहुतेक वादळात पडलेल्या झाडाची असते, निदान तसे सांगितले तरी जाते. जुन्या डर्कांत आयव्हीच्या मुळाच्या मुठीही आढळतात. आयव्ही म्हणजे भिंतीवर चढणारी वेल. तिचे जुने मूळ मनगटाएवढे जाड होते आणि त्यात रेषांचे वळण सरळ नसते.

‘अस्सल स्कॉटिश’ म्हणून जी लाकडे खपतात, त्यांतली काही मात्र पाहुणी आहेत. लॅबर्नमला स्कॉटलंडमध्ये इतका मान, की ब्लेअर किल्ल्यात अठराव्या शतकातले लॅबर्नमचे फर्निचर आहे आणि आफ्रिकेचे काळे लाकूड येण्याआधी बॅगपाइपही त्याचे होत. झाड मूळचे मध्य-दक्षिण युरोपच्या डोंगरांतले. बॉक्सवुडही इथले नव्हे. आणि हल्ली ‘व्हिस्कीच्या पिंपाचा ओक’ म्हणून जी मूठ भेट देतात, तिचे लाकूड बहुधा अमेरिकेत वाढलेले असते, कारण स्कॉच मुरवायला अमेरिकेत बर्बन व्हिस्कीसाठी वापरून झालेली पिंपे आणतात.

पात्याचे काम लाकडाच्या मानाने झटपट होते. कार्बन पोलादाची पट्टी कापून, घासून आकार द्यायचा. पाठीवर कानशीने खाचांची ओळ पाडायची. अंगठा घसरू नये म्हणून सुरू झालेली ही रीत आता नक्षी झाली आहे. मग पाते 800 अंश सेल्सियसच्या आसपास लाल तापवून तेलात बुडवतात. हे पाणी दिल्यावर पाते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ होते, म्हणून पुन्हा सुमारे 200 अंशांवर तासभर-दोन तास ठेवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात. घासून चकचकीत केलेल्या भागावर गव्हाच्या काडासारखा फिका पिवळा रंग चढला की ते उतरले. पात्याच्या मागे मुठीत शिरणारा निमुळता भाग मऊच ठेवतात.

मुठीत पाते बसवताना घाई करणारा तुकडा फोडतो. लाकडाच्या टोकातून आधी बारीक भोके पाडायची, मग ती अरुंद कानशीने जोडून चपटी खाच करायची. पात्याची शेपटी खाचेत सैल हलू नये आणि ठोकूनही बसवावी लागू नये. दलदलीतल्या ओकला तर हातोडीचा धक्काही सोसत नाही. पूर्वीचे सुरीकार राळ आणि विटेची पूड यांचे गरम मिश्रण खाचेत ओतत. हल्ली इपॉक्सी वापरतात. डर्कमध्ये शेपटी मुठीच्या माथ्यातून आरपार नेऊन वरच्या चकतीवर ठोकून पसरवतात.

कोरीवकाम असलेल्या मुठीची खरी गंमत गणितात आहे. एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्यांची गाठनक्षी सपाट फळीवर काढणे सोपे. गोल मुठीवर तीच पट्टी फिरून स्वतःला येऊन मिळाली पाहिजे. म्हणून कारागीर मुठीभोवती कागदाची पट्टी गुंडाळतो, जिथे टोके जुळतात तिथे कापतो, आणि पट्टीच्या सारख्या घड्या घालतो. त्या घड्यांवरून मुठीवर उभ्या रेघा उतरतात. मूठ खाली रुंद आणि वर निमुळती, तेव्हा प्रत्येक आडव्या ओळीसाठी पट्टी नव्याने गुंडाळावी लागते. घरे वर जाताना लहान होतात पण त्यांची संख्या तीच राहते. त्या जाळीवर पट्ट्या पेन्सिलीने काढल्या जातात, एकदा वरून, एकदा खालून, पुन्हा वरून. एका जागी हा क्रम चुकला तर चूक कळते ती सगळी मूठ फिरून झाल्यावर, आणि कोरायला सुरुवात केलेली असेल तर मूठ चुलीत. काळ्या लाकडावर पेन्सिल दिसत नाही म्हणून काहीजण आधी मुठीवर पांढरा रंग फासतात आणि त्यावर आखतात.

कोरताना लाकडाची जात पुन्हा आड येते. ओकला उघडी छिद्रे असतात. बारीक पट्टीची कड त्या छिद्रापाशी तुटते. म्हणून दलदलीतल्या ओकवर नक्षी ठसठशीत, रुंद पट्ट्यांची ठेवतात, आणि नाजूक गुंफण हवी असेल तर लॅबर्नम किंवा बॉक्सवुडसारखे घट्ट लाकूड घेतात. व्हिक्टोरियन काळात या कटकटीतून सुटण्यासाठी गाठनक्षीऐवजी चटईसारखी चौकटीची वीण आली. एबनीवर ती झपाझप कोरता येते, आणि आजही पलटणींच्या डर्कांवर तीच दिसते. गाठींच्या मधल्या घरांत पितळेचे किंवा चांदीचे बारीक खिळे ठोकतात, मग मूठ जवसाच्या तेलाने आणि मेणाने पुसतात. दलदलीतल्या ओकला पॉलिश लावायची गरज नसते. नुसत्या कापडाने घासले तरी तो चमकतो.

म्यान म्हणजे दोन पातळ लाकडी फळकुटांवर चामडे ताणून शिवलेले कवच, तोंडाला आणि टोकाला धातूची टोपी. धातू चांदीचा असेल तर ब्रिटनच्या कायद्यानुसार त्यावर शिक्का हवा, फक्त 7.78 ग्रॅमहून कमी चांदीला सूट आहे. स्कॉटलंडमध्ये हा शिक्का एडिंबऱ्याच्या तपासणी कार्यालयाचा असतो, तीन बुरुजांचा किल्ला. एकट्या कारागिराच्या हातची सुरी आणि पाकिस्तानातल्या सियालकोटहून टोपल्या भरून येणारी राळेच्या साच्यातली सुरी, यांतला फरक अनेकदा या किल्ल्यानेच पहिल्यांदा लक्षात येतो. मग मूठ हातात घेतली की वजनाने.

धारदार सुरी भर रस्त्यात बाळगण्याला स्कॉटलंडमध्ये कडक बंदी आहे. 1995 च्या फौजदारी कायद्यातल्या 49 व्या कलमाने त्यातून काही वाटा ठेवल्या: कामासाठी, धार्मिक कारणासाठी, आणि राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून. ग्लासगोच्या गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या शीख माणसाची कृपाण आणि शेजारून लग्नाला निघालेल्याची स्कीअन डू अशी एकाच कलमाच्या आसऱ्याने चालतात. किल्ट उतरवून जीन्स घातली आणि तीच सुरी खिशात टाकली, तर मात्र आसरा गेला. विमानातही तो मिळत नाही. सुरी सामानाच्या बॅगेत जाते. शाळांचे समारंभ आणि काही सभागृहे ती दाराशीच ठेवून घेतात. त्यामुळे भाड्याने मिळणाऱ्या किल्टबरोबर बहुतेक दुकाने अशी स्कीअन डू देतात, जिला पातेच नसते: मोज्याबाहेर दिसते तेवढी काळी मूठ, खाली प्लास्टिकचे एक चपटे जिभेसारखे टोक, आणि म्यानाची गरज नाही.